शेतातील अक्षय ऊर्जा: धूर वाचतो, पण पाणी आणि मातीचे काय?

सौर कृषिपंप, भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवरचा सौर प्रकल्प, डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या, गोबरगॅस, बगॅसवर तयार होणारी वीज, उसाचे इथेनॉल, पऱ्हाट्यांच्या पेलेट्स. सरकारी कागदावर या सगळ्यांना एकच नाव आहे, अक्षय किंवा अपारंपरिक ऊर्जा. पर्यावरणावर मात्र या प्रत्येकाचा परिणाम वेगळा होतो. त्यामुळे ‘अक्षय ऊर्जा पर्यावरणपूरक आहे का’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. आपल्या शेतावर किंवा गावात येणाऱ्या प्रकल्पाबाबत दोन प्रश्न विचारले तर उत्तर बरेच स्पष्ट होते. ही ऊर्जा कशाच्या जागी आली? आणि ती उभी राहताना पाणी, माती, चराई किंवा माळरान यांपैकी कशावर भार पडला?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा समाधानकारक असते. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०१४ च्या अहवालात वेगवेगळ्या वीजस्रोतांचे संपूर्ण आयुष्यातील उत्सर्जन मांडले आहे. यंत्र बनवणे, उभारणे, चालवणे आणि मोडीत काढणे हे सगळे त्यात धरलेले आहे. कोळशाच्या विजेसाठी हा आकडा एका युनिटला सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड इतका येतो. मोठ्या सौर प्रकल्पासाठी तो सुमारे ४८ ग्रॅम आणि जमिनीवरील पवनचक्कीसाठी सुमारे ११ ग्रॅम आहे. ‘पॅनेल बनवायला लागते तेवढी वीज ते आयुष्यभरात देत नाही’ असे गावात अजूनही ऐकू येते, त्यात तथ्य नाही. आपल्याकडच्या उन्हात पूर्ण वापरले गेलेले पॅनेल साधारण एक-दोन वर्षांत ती ऊर्जा परत देते आणि त्यानंतरही वीस वर्षांहून अधिक काळ चालते. इथे ‘पूर्ण वापरले गेलेले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, त्यांचे कारण पुढे येईल.

दुसरा प्रश्न अवघड आहे. अनुदानाच्या अर्जात तो कुठेही विचारलेला नसतो.

सौर पंप: सर्वांत मोठा हिशेब पाण्याचा

केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये सुरू झाली. राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. जमीन अडीच एकरांपर्यंत असेल तर ३ एचपी, अडीच ते पाच एकरांसाठी ५ एचपी आणि त्यापुढे साडेसात एचपी, असे क्षमतेचे टप्पे आहेत.

हा पंप डिझेल इंजिनाच्या जागी आला असेल तर फायदा सरळ दिसतो. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाला ६०० तास चालणारे आणि तासाला साधारण लिटरभर डिझेल खाणारे इंजिन बंद झाले, तर दीड टनाहून अधिक उत्सर्जन वाचते. शिवाय विहिरीच्या कडेला सांडणारे तेल, आवाज आणि डिझेलचा खर्चही जातो. महावितरणच्या जोडणीऐवजी सौर पंप घेतला तरी फायदा आहे, कारण देशाच्या ग्रीडमधील एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास उत्सर्जन होते. दिवसा पाणी मिळते, रात्री साप-बिबट्याच्या भीतीत दारे धरायला जावे लागत नाही, ही गोष्ट पर्यावरणाच्या हिशेबात बसत नसली तरी शेतकऱ्याच्या हिशेबात तिचे वजन मोठे आहे.

मात्र सौर पंप नव्या बोअरवर बसला, म्हणजे पूर्वी जिथे उपसाच नव्हता तिथे आला, तर धूर वाचत नाही, कारण तिथे धूर नव्हताच. तिथे फक्त उपसा वाढतो.

किती वाढतो ते आकड्यांत पाहू. सौर पंपांच्या सरकारी मानकांनुसार ४,८०० वॅट पॅनेलच्या ५ एचपी डीसी पंपाने ५० मीटर हेडवर, स्वच्छ उन्हाच्या दिवशी, सुमारे १ लाख लिटर पाणी काढले पाहिजे. हेड कमी असेल तर त्याहून जास्त निघते. आता दुसरी बाजू. आपल्याकडचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे आणि या खडकात पावसाचे पाणी फार मुरत नाही. भूजल मूल्यांकनाच्या पद्धतीत बेसॉल्टसाठी खडकाच्या प्रकारानुसार पावसाच्या साधारण २ ते १४ टक्के पुनर्भरण धरले जाते. आपण सोयीसाठी १० टक्के धरू. पाऊस ६०० मिलिमीटर असेल तर ६० मिलिमीटर पाणी मुरले, म्हणजे एका एकरात सुमारे २ लाख ४० हजार लिटर. पाच एकरांत १२ लाख लिटर.

म्हणजे पाच एकरवाल्या शेतकऱ्याचा ५ एचपी पंप पूर्ण क्षमतेने चालला, तर त्याच्या स्वतःच्या जमिनीत वर्षभरात मुरलेले पाणी साधारण बारा दिवसांत उपसले जाते.

प्रत्यक्षात विहिरीला शेजारच्या शेतांतून, नाल्यातून, पाझर तलावातून आणि कालव्याच्या झिरप्यातूनही पाणी येते, म्हणून विहीर बाराव्या दिवशी कोरडी पडत नाही. पण ते पाणी कुणाच्या तरी वाट्याचे असते. आज शेजाऱ्याकडे पंप नाही म्हणून ते आपल्याकडे येते. उद्या त्यालाही पंप मंजूर झाला की दोघांचीही बोअर खोल जाते. एचपी सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावरून ठरतो, विहिरीच्या पाण्यावरून ठरत नाही. योजनेची ही बाजू कमकुवत आहे, असे आमचे मत आहे. मात्र पात्रतेपेक्षा कमी क्षमतेचा पंप मागण्याची मुभा योजनेत आहे आणि पाणी कमी असलेल्या ठिकाणी ती वापरायला हवी. ५ एचपीला पात्र असूनही ३ एचपी घेणे म्हणजे नुकसान, ही समजूत कृषी सहायकांनी गावात दूर करावी. ज्या विहिरीला उन्हाळ्यात दोन तासांचेच पाणी आहे, तिच्यावर मोठा पंप बसवला तर दोन तासांचे पाणी एका तासात निघते, एवढाच फरक पडतो.

विजेच्या पंपाला निदान वीज नसण्याचा आणि बिलाचा अटकाव असतो. डिझेलला खर्चाचा असतो. सौर पंपाला एकदा बसवल्यावर चालवण्याचा खर्च जवळजवळ नाही, त्यामुळे थांबण्याचे कारण उरत नाही. अर्थात, शेतीपंपाची वीज आधीच हॉर्सपॉवरच्या ठोक दराने किंवा मोफत मिळत असेल आणि ऑटोस्विच लावून वीज येईल तेव्हा पंप आपोआप सुरू होत असेल, तर तिथेही अटकाव नसतोच. अशा ठिकाणी सौर पंपाला एकट्याला दोष देणे बरोबर नाही. उलट, रात्री पाणी बांधावरून वाहून जाण्याचा प्रकार दिवसाच्या सिंचनात कमी होतो.

योजनेच्या अटींमध्ये एक अट पाण्याच्या बाजूने आहे. जलसंधारणाच्या कामांतून झालेल्या पाणीसाठ्यातून उपसा करण्यासाठी हे पंप वापरता येत नाहीत. गावाने श्रमदानाने केलेला साठा एका-दोघांच्या पंपाने रिकामा होऊ नये म्हणून ही अट आहे. ग्रामपंचायतीने ती कागदावर राहू देऊ नये.

पंप बसवणाऱ्या शेतकऱ्याने काय करावे? विहिरीची किंवा बोअरची पाणीपातळी वर्षातून किमान दोनदा मोजावी, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये आणि उन्हाळ्यात मे महिन्यात. दोरीला वजन बांधून विहिरीची पातळी मोजता येते, त्याला यंत्र लागत नाही. मोजण्यापूर्वी पंप काही तास बंद ठेवावा, नाहीतर आकडा चुकतो. सलग दोन-तीन वर्षे मे महिन्याची पातळी खाली जात असेल, पाऊस सरासरीइतका झाला असेल, तर उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त आहे हे नक्की समजावे. अशा वेळी आणखी खोल बोअर घेणे हा उपाय नाही. ठिबक बसवले तरी वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस लावला, तर भूजलाच्या दृष्टीने काहीच वाचत नाही. हा अनुभव ठिबकचा प्रसार चांगला झालेल्या भागांतही आलेला आहे. क्षेत्र आणि पीक ठरवून मगच ठिबकचा फायदा धरावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची आणि शेतीसाठी बोअरवेल न घेण्याची पद्धत पाळली. सौर पंपांचे अर्ज गावात वाढत असताना असा ताळेबंद आधी मांडला, तर किती पंप परवडतील हे गावालाच कळते. त्यासाठी निरीक्षण विहिरींची आकडेवारी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे मिळते.

न वापरलेली वीज

४.८ किलोवॅटच्या पॅनेलमधून आपल्याकडे वर्षाला सुमारे ७ हजार युनिट वीज मिळू शकते. स्वतंत्र सौर पंप वर्षभर चालत नाही. पावसाळ्यात गरज नसते, काढणीच्या काळात नसते, उन्हाळ्यात विहिरीला पाणी नसते. पंप वर्षातून १२०-१५० दिवसच चालला, तर निम्म्याहून जास्त वीज वाया जाते. पॅनेल तयार करताना झालेले उत्सर्जन मात्र तेवढेच राहते. म्हणजे दोन वर्षांत होणारी ऊर्जेची परतफेड चार-पाच वर्षांवर जाते. तरीही ती होते, पण फायदा घटतो.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर. तो असेल तर पंप बंद असताना त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी किंवा छोटे शीतगृह चालवता येते. पंप घेतानाच पुरवठादाराला याबाबत विचारावे. जुन्या पंपाच्या कंट्रोलरमध्ये स्वतः जोडणी करून दुसरी यंत्रे चालवू नयेत, त्यात हमी जाते आणि धोकाही असतो.

दुसरा मार्ग ग्रीडला वीज विकण्याचा. गुजरातमधील खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ मध्ये सौर पंपधारक शेतकऱ्यांची सहकारी मंडळी स्थापन झाली आणि उरलेली वीज ती वीज कंपनीला विकू लागली. यामागचा विचार साधा होता. पाणी उपसून जे मिळते त्यापेक्षा वीज विकून बरे मिळत असेल तर शेतकरी स्वतःच पंप कमी चालवेल. पुढे २०१८ मध्ये गुजरात सरकारने याच धर्तीवर सूर्यशक्ती किसान योजना आणली. भूजल वाचवण्याच्या दृष्टीने हा विचार फार चांगला आहे. विजेला मिळणारा दर पुरेसा नसेल आणि पैसे वेळेवर येत नसतील तर मात्र शेतकरी पुन्हा पाण्याकडेच वळतो. शेजाऱ्याला पाणी विकण्याचा भाव विजेपेक्षा जास्त असेल तरीही तेच होते.

जमीन भाड्याने देताना

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. कृषी वाहिनीच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, अशी ही रचना आहे. खासगी जमिनीसाठी हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, असा दर दुसऱ्या टप्प्यात ठरला. ऊर्जेच्या दृष्टीने ही रचना स्वतंत्र पंपापेक्षा सरस आहे, कारण तयार झालेले प्रत्येक युनिट वापरले जाते. एका मेगावॅटला साधारण ४ ते ५ एकर जमीन लागते आणि वर्षाला १५ लाखांच्या आसपास युनिट मिळतात. ग्रीडच्या सरासरीने पाहिले तर सुमारे हजार टन कार्बन डायऑक्साइड दरवर्षी टळतो.

जमिनीचा वापर म्हणून हे किती आहे, याची कल्पना यावी म्हणून उसाशी तुलना करू. एकरी ४० टन ऊस आणि टनाला ७० लिटर इथेनॉल धरले तर एका एकरातून २,८०० लिटर इथेनॉल मिळते. त्यातली उष्णता युनिटमध्ये मोजली तर सुमारे साडेसोळा हजार युनिट होते. तेवढ्याच जमिनीवरचे सौर पॅनेल तीन लाखांहून अधिक युनिट देतात. गाडीचे इंधन आणि वीज या एकच गोष्टी नाहीत, उसातून बगॅसही मिळते, हे मान्य. तरीही फरक जवळजवळ वीसपटींचा आहे. नीती आयोगाच्या अहवालात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरले आहे, म्हणजे त्या एका एकराला ८० लाख लिटर. पाण्याचा तुटवडा असलेल्या तालुक्यात उसाच्या इथेनॉलला हरित इंधन म्हणताना हा आकडा समोर ठेवावा. साखर तयार झाल्यावर उरलेल्या सी-हेवी मळीचे इथेनॉल वेगळे, कारण मळीसाठी कुणी वेगळा ऊस लावत नाही.

पॅनेलखालच्या मातीकडे आता वळू. प्रकल्प उभारताना जमीन सपाट केली जाते. या कामात वरची सुपीक माती खरवडून खड्ड्यांत ढकलली जाते आणि वर मुरूम टाकला जातो. जड यंत्रांनी माती दबते. गवत वाढू नये म्हणून वर्षानुवर्षे तणनाशक फवारले जाते. पॅनेलवरून ओघळणारे पावसाचे पाणी ठरावीक रेषेत पडते आणि तिथून चर पडत जातात. हे पाणी खालच्या शेतकऱ्याच्या बांधावर येते. यातले जवळपास सगळे टाळता येते. उतार आहे तसा ठेवून खांबांची उंची कमी-जास्त करणे, गवत कापणे किंवा शेळ्या-मेंढ्या चारणे, ओघळाच्या जागी चर आणि शोषखड्डे करणे, हे उपाय खर्चिक नाहीत. मात्र ते करारात लिहिलेले नसतील तर कंत्राटदार करीलच असे नाही.

म्हणून पंचवीस वर्षांहून अधिक काळासाठी जमीन देणाऱ्याने भाड्याच्या रकमेइतकेच पुढच्या कलमांकडे लक्ष द्यावे. वरची माती बाजूला साठवून नंतर परत पसरवणार का? नैसर्गिक नाले-ओहोळ बुजवणार नाहीत ना? तणनाशकाऐवजी कापणी करणार का? मुदत संपल्यावर काँक्रीटचे पाये, केबल आणि पॅनेल कोण, किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने काढणार? यातले शेवटचे कलम बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पॅनेल धुण्याच्या पाण्याचाही उल्लेख असावा. एका मेगावॅटमध्ये सुमारे दोन हजार पॅनेल असतात. पॅनेलमागे दोन-तीन लिटर धरले तर एका धुण्याला चार-सहा हजार लिटर पाणी लागते. आकडा सिंचनाच्या तुलनेत लहान आहे, पण टँकर येणाऱ्या गावात मार्च-एप्रिलमध्ये तो लहान राहत नाही. कोरड्या ब्रशने सफाई करणारी यंत्रे आता उपलब्ध आहेत.

पॅनेलखाली पीक घेण्याचे प्रयोगही होत आहेत. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने १०५ किलोवॅटचा असा प्रकल्प उभारून ओळींमधल्या जागेत कडधान्ये आणि भाजीपाला घेतला आणि पॅनेलवरून येणारे पावसाचे पाणीही साठवले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही या विषयावर संशोधन सुरू आहे. यात ढाचा उंच घ्यावा लागतो, म्हणून खर्च वाढतो. सावली सहन करणारी पिके, चारा आणि काही भाजीपाला यांना वाव आहे. कापूस किंवा तुरीसारख्या उन्हाच्या पिकांकडून मात्र पूर्ण उत्पादनाची अपेक्षा धरू नये.

कोणती जमीन द्यावी, हा प्रश्न राहतोच. हलकी, मुरमाड, पाण्याची सोय नसलेली जमीन दिली तर अन्नधान्याचे नुकसान कमी. पण ‘पडीक’ म्हणून नोंदलेली सगळी जमीन रिकामी नसते. गायरानावर गावची जनावरे चरतात, मेंढपाळ हंगामात येतात, भूमिहीन कुटुंबे तिथून सरपण आणतात. कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यातील पावगडा हा कायम दुष्काळी तालुका. तिथे सुमारे १३ हजार एकरांवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभे राहिले. जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून एकरी २१ हजार रुपये वार्षिक भाड्याने घेतली. जमीन असलेल्यांना दुष्काळातही हमीचे उत्पन्न मिळाले. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांची शेतमजुरी आणि चराई गेली. त्यांना भाडे मिळण्याचा प्रश्नच नव्हता. गावात प्रकल्पाचा ठराव येतो तेव्हा हा गट ग्रामसभेत सहसा बोलत नाही, म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी त्यांच्याकडे मुद्दाम जाऊन विचारावे.

माळरान म्हणजे नुसते गवत नव्हे, हे सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यामुळे आपल्याला ठाऊक आहे. माळढोक पक्षी उडताना त्याला समोरच्या वीजतारा नीट दिसत नाहीत आणि तो धडकून मरतो. राजस्थान-गुजरातमधील माळढोकच्या अधिवासात तारा भूमिगत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला. मार्च २०२४ मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञ समिती नेमली. पक्षी वाचवणे आणि कोळसा कमी करणे ही दोन्ही पर्यावरणाचीच कामे असूनही ती एकमेकांसमोर येऊ शकतात, याचे हे ठळक उदाहरण आहे.

पवनचक्क्या आणि सरडे

साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्या बऱ्याच वाचकांनी पाहिल्या असतील. तिथे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या जवळपास चौथा हिस्सा होती. त्यामुळे त्यांचे भक्ष्य असलेले पंखागळ्याचे सरडे तिथे जास्त होते आणि ते कमी बिचकत होते. (या सरड्यांच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘सारडा’ असून ते आपल्या मराठी शब्दावरूनच ठेवले आहे.) पाती फिरल्याने पक्षी कमी झाले, पक्षी कमी झाल्याने सरडे वाढले आणि सरडे वाढले म्हणजे त्यांच्या खाद्यावरही परिणाम होणारच. शेतकऱ्यासाठी यातला मुद्दा असा की शिकारी पक्षी उंदरांवरही नियंत्रण ठेवतात. पवनचक्कीमुळे पाऊस पळतो, ही समजूत मात्र खोटी आहे. ढग पात्यांपेक्षा कितीतरी उंचावर तयार होतात आणि पाऊस वाऱ्याच्या मोठ्या प्रवाहांवर ठरतो. पवनचक्कीचा खरा भार डोंगरउतारावर खोदलेल्या रस्त्यांचा असतो. रस्त्याची माती पावसात खाली येते, ओढे गाळाने भरतात. करारात याबद्दलचे कलम हवे.

पऱ्हाट्या, पाचट आणि बगॅस

जैवभाराच्या बाबतीत नियम एकच ठेवावा: जे आधीच शेताबाहेर गेलेले आहे ते जाळायला हरकत नाही, जे शेतात कुजू शकते ते विकण्यापूर्वी विचार करावा.

बगॅस कारखान्यात गोळा होतेच. ते जाळून वीज केली तर कोळसा वाचतो आणि शेताचे वेगळे नुकसान होत नाही. पाचटाचे तसे नाही. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र आणि एक टक्क्याच्या आसपास पालाश असते, म्हणजे हेक्टरी ४० किलोच्या आसपास नत्र आणि ७५ ते १०० किलो पालाश. शिवाय सेंद्रिय कर्ब आणि आच्छादनाने वाचणारे पाणी. टनाला मिळणाऱ्या पैशातून गठ्ठे बांधणी आणि वाहतूक वजा करा, मग तेवढ्या पालाशाच्या खताची किंमत वजा करा. बऱ्याचदा हातात फारसे उरत नाही. पाचट शेतातच जाळणे हा यातला सर्वांत वाईट पर्याय, त्यापेक्षा विकलेले बरे.

पऱ्हाट्यांचा हिशेब उलटा आहे. कपाशीची वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या शेतात किंवा बांधावर तशाच राहिल्या तर त्यांत गुलाबी बोंडअळी टिकून राहते. म्हणून त्या वेळेवर काढून पेलेट्स किंवा ब्रिकेट्ससाठी दिल्या तर किडीचा बंदोबस्त होतो आणि कोळशाला पर्यायही मिळतो. यंत्राने बारीक करून शेतात मिसळणे हाही चांगला मार्ग आहे. सोयाबीनचा भुसा मात्र विकू नये. तो जनावरांना आणि जमिनीला हवा आहे.

गोबरगॅस: गळती असेल तर फायदा जातो

दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे लागतात. त्यातून स्वयंपाकाचा गॅस आणि स्लरी, दोन्ही मिळते. चुलीचा धूर जातो, सरपण वाचते. आमच्या मते छोट्या शेतकऱ्यासाठी यादीतला हा सर्वांत समतोल पर्याय आहे, फक्त एका अटीवर.

गोबरगॅसमध्ये निम्म्याहून अधिक मिथेन असतो आणि मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या काळात सुमारे २८ पट जास्त उष्णता धरतो. दोन घनमीटर गॅस जळाला तर सुमारे ०.९ किलो एलपीजी वाचतो, म्हणजे दिवसाला २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. तोच गॅस न जळता सुटला तर त्याचा परिणाम सुमारे २२ किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. म्हणजे तयार झालेल्या गॅसचा दहावा हिस्सा जरी गळत राहिला, तरी एलपीजी वाचवून मिळालेला हवामानाचा फायदा संपतो. पाइपचे सांधे आणि कॉक साबणाच्या फेसाने महिन्यातून एकदा तपासावेत. घरी आठवडाभर कुणी नसेल तर त्या काळात शेण घालू नये. स्लरीचा खड्डा भरून वाहू न देता ती कंपोस्टमध्ये किंवा थेट शेतात न्यावी.

मोडीत निघालेले पॅनेल

गारपिटीने किंवा वादळाने फुटलेली पॅनेल बांधावर, विहिरीच्या कडेला पडलेली दिसू लागली आहेत. पॅनेलच्या वजनाचा मोठा भाग काच आणि अ‍ॅल्युमिनियमचा असतो, पण जोडणीच्या धातूत थोडे शिसेही असते. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ मध्ये सौर पॅनेलचा समावेश झाला आहे आणि उत्पादकांवर त्यांची नोंद व साठवण याची जबाबदारी आहे. बॅटरीसाठी त्याच वर्षीचे वेगळे नियम आहेत. पंपाच्या हमीच्या काळात पॅनेल फुटले तर आधी पुरवठादाराकडे आणि महावितरणकडे तक्रार नोंदवावी, विम्यासाठी फोटो काढून ठेवावेत. भंगारवाल्याला देऊ नये, कारण तो अ‍ॅल्युमिनियमची चौकट काढून घेतो आणि काच-शिशाचा भाग नाल्यात टाकतो. फुटलेले पॅनेल जागेवरून काढताना ते आधी जाड कापडाने किंवा गोणपाटाने झाकावे. फुटले असले तरी उन्हात त्यात वीज तयार होत राहते.